कठडा कुणी बांधायचा?

4 एप्रिल 2025, शुक्रवार. वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बाया सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कामाला निघाल्या. शेत पलीकडच्या नांदेड तालुक्यात, आलेगाव शिवारात. तिथे पाण्याने भरलेली विहीर होती आणि ट्रॅक्टर ट्रॉलीसकट तिच्यात गेला. तिघं वाचले, सात जणी बुडाल्या. मोटारी लावून पाणी उपसावं लागलं. गेलेल्यांपैकी काही जणींनी विशीही ओलांडली नव्हती.

मदत लगोलग जाहीर झाली. राज्याकडून प्रत्येकी 5 लाख, पंतप्रधान मदत निधीतून 2 लाख. सात घरांचे मिळून 49 लाख. ती मदत द्यायलाच हवी होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. माणसं गेल्यावर ज्या यंत्रणेला 49 लाख जाहीर करता येतात, तिला माणसं जिवंत असताना रस्त्याकडेच्या विहिरी मोजता येत नाहीत, हे मी मानायला तयार नाही.

कुणी म्हणेल, कठड्याने ट्रॅक्टर थांबला नसता. नसेलही. पण तीन वर्षांचं लेकरू थांबतं. शाळेतून परतताना काठावरच्या बोरीखाली वाकलेली मुलगी थांबते. बकरीमागे पळणारा पोरगा थांबतो. या सदरात आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

मजूर आई सकाळी ट्रॉलीत बसते तेव्हा तिचं लेकरू कुठे असतं? हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला पाहिजे, कारण इथली शेती बायांच्या मजुरीवर उभी आहे. हळदीची लागवड, निंदणी, काढणी, कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी, सगळीकडे त्याच. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंद आहे. ती हळद जमिनीतून काढणाऱ्या बाईचं लेकरू मात्र अजून धुऱ्यावर, झाडाला बांधलेल्या झोळीत असतं. झोळीत मावेनासं झालं की मोकळं असतं. शेतात नेलं नाही तर गावात असतं, नऊ-दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. धुऱ्याजवळ विहीर आणि शेततळं. गावात उघडी नाली, डीपी, मुरमाचा खड्डा. आईने लेकरू कुठेही ठेवलं तरी ते काठावरच राहतं.

आणि काही झालं की गावात पहिलं वाक्य ठरलेलं: आईचं लक्ष नव्हतं. मला या वाक्याचा राग आहे. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईने मागे डोळे कुठून आणायचे? ती लक्ष ठेवू शकत नाही हे मालकाला माहीत असतं, मुकादमाला माहीत असतं, सरपंचाला माहीत असतं. ज्यांना हे सगळं माहीत आहे आणि ज्यांच्या हातात विटा-सिमेंट आणायची सत्ता आहे, त्यांच्या लक्षाबद्दल कुणीच विचारत नाही.

आता कायद्याकडे या. विहिरीला कुंपण घालायला लावण्याचा अधिकार कुणाला आहे, हे गावात विचारा. कुणी ग्रामपंचायत म्हणेल, कुणी बांधकाम विभाग, बहुतेक जण म्हणतील खासगी विहीर आहे, कुणालाच नाही. उत्तर चुकीचं आहे. भारतीय नागरी सुरक्षा संहिता, कलम 152. रस्त्यालगत किंवा सार्वजनिक जागेलगत एखादं तळं, विहीर किंवा खोदकाम असेल तर लोकांना धोका होणार नाही अशा बेताने त्याला कुंपण घाला, असा हुकूम जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा शासनाने अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी काढू शकतात. म्हणजे आपले जिल्हाधिकारी, प्रांत आणि अधिकार दिलेला असेल तर तहसीलदार. हुकूम काढायला पोलिसांचा अहवाल चालतो, दुसऱ्या कुणी दिलेली माहितीही चालते. मालकाने ऐकलं नाही तर दंडाधिकारी काम करून घेऊन खर्च वसूल करू शकतात. धोका अगदी तोंडावर असेल तर तातडीचा हुकूमही देता येतो.

ही नवी सोय नाही. नवी संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, त्याआधी 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम 133 क्रमांकाने होतं, त्याआधी इंग्रजांच्या 1898 च्या संहितेतही होतं. विहिरीभोवती कुंपण असावं, एवढी साधी गोष्ट सव्वाशे वर्षं कायद्यात लिहिलेली आहे. आणि पैसे नाहीत ही सबबही 1980 मध्येच निकालात निघाली. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या, तुंबलेल्या नाल्यांबद्दल याच कलमाखाली दाद मागितली होती. नगरपालिका म्हणाली, तिजोरीत पैसा नाही. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या पीठाने सांगितलं की लोकांच्या आरोग्याचं प्राथमिक कर्तव्य टाळायला पैशाची अडचण हे कारण होऊ शकत नाही. नाल्या बांधाव्या लागल्या.

म्हणून हिंगोलीच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे एकच मागणी. जुलै 2024 पासून हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांत उघड्या विहिरी आणि खड्ड्यांबद्दल कलम 152 खाली किती हुकूम निघाले, तो आकडा जाहीर करा. तालुकावार करा. आकडा शून्य असेल तर शून्य सांगा, तिथून तरी सुरुवात होईल.

यादी नाही, हे कारण तर ऐकूनच घेऊ नका. विहीर सातबाऱ्यावर असते. 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर होते आणि तिच्यात विहिरीचीही नोंद करता येते. रोजगार हमीतून गेल्या काही वर्षांत झालेल्या विहिरींचे तर काम सुरू होण्याआधीचे, चालू असतानाचे आणि पूर्ण झाल्यावरचे फोटो ठिकाणासह सरकारकडे जमा आहेत. पोलीस पाटलाला गावातली प्रत्येक विहीर तोंडपाठ असते. कुठल्या विहिरीला कठडा नाही, कुठली पांदणीला टेकून आहे, कुठल्या विहिरीवरून शाळेची वाट जाते, हे तो चहा संपायच्या आत सांगेल. त्याला कुणी विचारलं पाहिजे.

शेतकऱ्याला दंड ठोकून हे काम होणार नाही, हेही स्पष्ट लिहितो. दोन-तीन एकरवाला माणूस विहीर पाण्याला लागेपर्यंत मोडकळीला आलेला असतो. खोदाई, सुरुंग, मोटार, वीज जोडणी, एवढं झाल्यावर वरचा कठडा पुढच्या वर्षावर जातो, आणि ते पुढचं वर्ष येत नाही. रोजगार हमीच्या विहिरीचं अनुदान 2022 मध्ये 4 लाख झालं, पुढे 5 लाख. त्यातलाच शेवटचा हप्ता कठड्याच्या फोटोला बांधा. कठडा दिसला की पैसे, नाही तर नाही. जुन्या विहिरींसाठी जिल्हा नियोजनाच्या निधीतून सिमेंट-विटा द्या, मजुरी रोजगार हमीतून काढा. यात अवघड काय आहे? एका विहिरीला एका गवंड्याचे काही दिवस लागतात.

बोअरची गोष्ट याहून लाजिरवाणी आहे, कारण तिथे सर्वोच्च न्यायालयाने बोट धरून शिकवलं आहे. 11 फेब्रुवारी 2010 चा आदेश. बोअर घेण्याच्या पंधरा दिवस आधी कळवायचं. खोदणाऱ्याचं आणि मालकाचं नाव फलकावर लिहायचं. कुंपण करायचं. केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा, तोंडावर लोखंडी झाकण जोडायचं, ते काढून मोटार दुरुस्त करताना तोंड उघडं टाकायचं नाही. पाणी लागलं नाही तर तळापासून वरपर्यंत माती-दगडाने बुजवायचं. यावर देखरेख कुणाची, तर जिल्हाधिकाऱ्यांची. त्यानंतर तेरा वर्षांनी, मार्च 2023 मध्ये, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत ऊसतोड मजुराचा पाच वर्षांचा मुलगा उघड्या बोअरमध्ये पडला आणि गेला. बचाव पथकं आली, जेसीबी आले, रात्र जागली. एक झाकण नव्हतं.

उन्हाळ्यात मराठवाड्यात बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरतात. तीनशे फूट, पाचशे फूट, पाणी नाही, गाडी पुढच्या शेतात. मागे राहतं ते भोक, त्यावर गोणपाट आणि एक दगड. हे गोणपाट मी सगळ्यात धोकादायक मानतो. उघडं भोक निदान दिसतं, गोणपाटावर लेकरू पाय ठेवतं. गाडीवाल्याचं बिल देताना मालकाने एवढंच म्हणावं: बुजव, मग पैसे घे. ग्रामपंचायतीने हा ठराव करावा, त्याला एक रुपया लागत नाही.

शेततळ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण ते विकासाचं काम आहे. 2016 पासून मागेल त्याला शेततळं मिळालं आणि पाण्याच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. पण त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला की त्याचा स्वभाव बदलतो. उतार गुळगुळीत, ओला झाला की शेवाळाने निसरडा. पोहता येणारा माणूसही आत घसरला तर वर येऊ शकत नाही, कारण हाताला धरायला काही नसतं. मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे जातातच. नदीला पाणी नाही, कयाधू कोरडी, मग पोरांनी पोहायला जायचं कुठे? एक घसरतं, त्याला काढायला भाऊ उतरतो, त्याच्यामागे तिसरा. अशा बातम्या महाराष्ट्रभरातून दर उन्हाळ्यात येतात आणि त्यात एकाच घरची दोन नावं असतात.

यावर उपाय अगदी हातातला आहे. चारी बाजूंनी कागदावर गाठी मारलेले जाड दोर सोडा, वरचं टोक खुंट्याला पक्कं बांधा. जुन्या टायरची माळ सोडली तर आणखी चांगलं. काठावर हवा भरलेली एक ट्यूब कायम टांगलेली असू द्या. कुंपण तर हवंच, पण कुंपण होईपर्यंत दोर तरी सोडा, या आठवड्यात सोडा.

मुरमाच्या खड्ड्यांचं मात्र कुंपणाने भागणार नाही, ते बुजवलेच पाहिजेत. रस्ता होतो, ठेकेदार गावालगतचा मुरूम उचलतो, पावसाळ्यात तिथे तळं साचतं. खोली कुणालाच माहीत नसते, कारण काठ सरळ कापलेला असतो. उत्खननाची परवानगी देणारं तहसील कार्यालय ठेकेदाराकडून स्वामित्वधन मोजून घेतं. खड्डा बुजवल्याचा पंचनामाही तसाच मोजून घ्यावा आणि तोवर बिल अडवावं.

आता शहरात या. हिंगोली, वसमत, कळमनुरीत नगरपरिषदा आहेत, औंढा आणि सेनगावला नगरपंचायती. इथे विहिरींची जागा नाल्या आणि चेंबर घेतात. मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑक्टोबर 2025 रोजी जो आदेश दिला तो प्रत्येक नगरसेवकाने आणि प्रत्येक पालकाने वाचायला हवा. न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने सांगितलं की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख, जखमीला जखमेच्या गांभीर्यानुसार 50 हजार ते अडीच लाख भरपाई द्यायची. नगरपरिषदेच्या हद्दीत ती ठरवणार मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. आणि ही रक्कम पुढे जबाबदार अधिकाऱ्याकडून, ठेकेदाराकडून वसूल करायची. हे शेवटचं वाक्य मोलाचं आहे. आजवर भरपाई सगळ्यांच्या खिशातून जायची, म्हणून कुणाच्याच खिशाला झळ लागत नव्हती.

तरीही मला हा आदेश पुरेसा वाटत नाही. तो मरणानंतर सुरू होतो. आदेशात खड्डे आहेत, मॅनहोल आहेत. आपल्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाच-पाच फूट खोल नाल्या आहेत, त्यांवर फरशी एका दुकानापुरती, पुढे उघडं, पुन्हा एका घरापुरती. पाऊस पडला की रस्ता कुठे संपतो आणि नाली कुठे सुरू होते ते मोठ्यांनाही दिसत नाही, दप्तर पाठीवर घेतलेल्या दुसरीतल्या पोराला कुठून दिसणार? गोरेगावला, मुंबईत, जुलै 2019 मध्ये असंच झालं. भर वस्तीतल्या उघड्या गटारात लहान मुलगा पडला आणि वाहून गेला. शाळेपासून निदान दोनशे मीटरपर्यंत नाली पूर्ण झाकलेली असावी, एवढा ठराव नगरपरिषदेने करायला कुठल्या न्यायालयाची गरज नाही.

डीपीचं दार, वाकलेला खांब, हाताला लागणारी तार, यांसाठी महावितरणचा 1912 हा क्रमांक आहे. फोन करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. पुढे गरज पडते.

शाळेच्या इमारतीबद्दल हिंगोलीकरांनी इतरांपेक्षा जास्त आग्रही असायला हवं. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून येणारे आवाज लोक कितीतरी वर्षं ऐकत आले आहेत. 21 मार्च 2024 ला सकाळी 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, 10 जुलै 2024 ला पुन्हा तेवढाच. दोन्ही वेळा घरांना तडे गेल्याची चर्चा झाली. शाळेच्या खोलीचा तडा कुणी मोजला? 28 ऑगस्ट 2017 रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत पावसात कोसळून तीन मुलं गेली, तिथे भूकंपही नव्हता. 25 जुलै 2025 ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीत सात मुलं गेली. ज्या खोलीवर मोडकळीस आलेली असा शेरा आहे, ती पाडेपर्यंत तिला कुलूप लागलं पाहिजे. मुलं ओसरीत बसतील, मारुतीच्या देवळात बसतील, चालेल.

आता थोडं बाहेरचं. जगात 2021 मध्ये सुमारे 3 लाख माणसं बुडून मेली असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. आपल्या देशात वर्षाला 38 हजारांच्या आसपास. बांगलादेशाने यावर काय केलं ते आपल्या कामाचं आहे. तिथे घरोघरी तळी. मुलं बुडण्याची वेळ त्यांनी शोधून काढली: सकाळची, आई कामात असण्याची. मग गावातल्याच एका बाईच्या हाताखाली सकाळी नऊ ते एक मुलं सांभाळणारी आंचल केंद्रं उघडली. अशा लहान मुलांचं बुडणं तिथे झपाट्याने घटलं. आपल्याकडे तर गावोगाव अंगणवाडी उभी आहे, ताई आहेत, मदतनीस आहेत. हळद काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या महिन्यांत तिची वेळ मजुरीच्या वेळेशी जुळवा, ट्रॉली गावात परत येईपर्यंत ती उघडी ठेवा. वाढीव तासांचे पैसे ताईंना द्या, फुकट राबवू नका.

आणि नेदरलँड्स. 1971 साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर 400 हून अधिक मुलं मेली. एका पत्रकाराची लहान मुलगी शाळेत जाताना गेली. त्याने 1972 मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं, मुलांची हत्या थांबवा. त्यातून चळवळ झाली, आया-बापांनी रस्ते अडवले, पोरांना रस्त्यावर खेळायला बसवलं, सरकारला वस्तीतले रस्ते बदलायला लावले. 2010 मध्ये तिथे वर्षाला मरणाऱ्या मुलांचा आकडा 14 वर आला. आपल्या दारातून अकोला-नांदेड महामार्ग जातो, कनेरगाव नाक्यापासून वारंगा फाट्यापर्यंत. जिथे शाळा एका अंगाला आणि वस्ती दुसऱ्या अंगाला आहे तिथे पोरं तो रस्ता रोज दोनदा पळत ओलांडतात. रस्त्याच्या सदोष रचनेसाठी ठेकेदाराला 1 लाखापर्यंत दंड करणारं कलम 198अ मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलं. ते वापरायला कुणी तरी मागणी करायला हवी.

म्हणून या आठवड्यात वाचकांना काम देतो. आपल्या गावची, आपल्या गल्लीची एक विहीर, एक बोअर, एक नाली निवडा. साधा कागद घ्या. अर्ज उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या नावे, विषय भारतीय नागरी सुरक्षा संहिता 2023 चं कलम 152. गाव, गट नंबर, जवळची खूण लिहा. शाळा किंवा अंगणवाडी तिथून किती पावलांवर आहे ते लिहा. फोटो जोडा, फोटोत काठाजवळ एखादा मोठा माणूस उभा करा म्हणजे खोली-रुंदी कळेल, लेकराला उभं करू नका. एक प्रत तहसीलदारांना, एक ठाण्याला, एक ग्रामपंचायतीला. शेतकरी गरीब असेल तर अर्जातच लिहा की कठड्याचा खर्च शासनाने करावा. आवक शिक्का मारून पोच घ्या, जपून ठेवा, आणि तिची प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठवा. कुठल्या तालुक्यातून किती अर्ज गेले आणि किती हुकूम निघाले, दोन्ही आकडे मी इथे छापत राहीन, 15 जूनला शाळा उघडेपर्यंत आणि त्यानंतरही.